राजापूर तालुक्यातल्या वाडीत घरचं नेट घेतलं त्याची सगळी हकिकत, खर्चासकट

गेल्या महिन्यात माहेरच्या एका वहिनीचा फोन आला, की आम्ही पण गावाला येऊन राहायचं म्हणतोय, तुमच्याकडे नेट कुठलं आहे, चालतं का नीट, आणि बोलता बोलता पाऊण तास गेला. मग वाटलं हे सगळं एकदा लिहूनच ठेवावं, कारण मला जेव्हा हवं होतं तेव्हा मुंबई पुण्याचेच रिव्ह्यू सापडायचे, तीनशे एमबीपीएस घेऊ का पाचशे घेऊ असले. आमच्यासारख्या ठिकाणी प्रश्न तो नसतोच, प्रश्न असा असतो की मुळात घरापर्यंत येतं कोण.

आमची वाडी राजापूर तालुक्यात, खाली वहाळाच्या कडेला. तिन्ही बाजूंनी डोंगर, घराभोवती पोफळी आणि आंबा, आणि मोबाईलची नीट रेंज पाहिजे तर वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाटीवर, जायचं, वीस मिनिटांची चढण. सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला म्हणून २०२२ च्या जूनमध्ये आम्ही मुंबई सोडून इथे आलो. माझं काम अकाउंटिंगचं, दादरच्या दोन फर्मचं टॅली आणि जीएसटी बघते, त्यांनी सांगितलं गावाहून करा, आमची हरकत नाही. पण ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी ही जीएसटीची रिटर्न भरायची, ह्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत आणि पोर्टलवर लॉगिन करायचं तर ओटीपी, आणि ओटीपी यायला रेंज! पहिले सहा महिने मी २० तारखेला लॅपटॉप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सड्यावर गेलेय, जुलैच्या पावसात, एका हातात छत्री धरून, आणि घरी सासऱ्यांजवळ कोणाला बसवायचं ही वेगळी काळजी.

आमची गरज साधी होती. महिन्याला पाचशे सहाशेच्या वर परवडणार नाही, स्पीड वीस तीस पुरे, पण बंद पडता कामा नये. नवरा बाग बघतो, त्याला व्हॉट्सॲप आणि बाजारभाव, मुलगी तेव्हा आठवीत, तिचे व्हिडिओ, आणि सासऱ्यांच्या फिजिओथेरपीवाल्या डॉक्टरांशी आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल. यात शंभर एमबीपीएस लागतं कुठे? चांगल्या क्वालिटीचा एक व्हिडिओ बघायला पाचेक एमबीपीएस लागतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी, म्हणजे तीसच्या लाइनवर तिघं आरामात काम करतात. ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या तर कमीत कमी २ एमबीपीएस एवढीच आहे, तीही जानेवारी २०२३ पासून, त्याआधी ५१२ केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हणायचे. हे सांगायचं कारण असं की महागडा प्लॅन विकणारा समोर बसला की आपल्याला वाटतं कमी घेतलं तर अडेल, तर तसं अडत नाही.

सुरुवातीला मोबाईलच्याच नेटवर भागवलं. ओसरीच्या एका कोपऱ्यात दोन काड्या यायच्या, तिथे नवऱ्याचा जुना फोन पत्र्याच्या डब्यावर उभा करून हॉटस्पॉट. रोजचा दोन जीबी सकाळी अकरापर्यंत संपायचा आणि मग ६४ केबीपीएस, ज्यात पोर्टलचं पानसुद्धा उघडत नाही. शिवाय रिचार्ज २८ दिवसांचा, म्हणजे वर्षाला बारा नाही तर तेरा वेळा करायचा, तीन सिमं, हिशोब घातला तेव्हा महिन्याला हजाराच्या वर जात होते आणि काम होत नव्हतं ते नव्हतंच. हा हिशोब आधी प्रत्येकाने घालून बघा, कारण लोक म्हणतात घरचं कनेक्शन महाग पडतं, आणि मोबाईलवर किती जातात ते कोणी मोजत नाही.

मग डिसेंबर २०२२ मध्ये आम्ही वायरलेस घेतलं. हा लोकल धंदा होता, नाव घेत नाही, समोरच्या डोंगरावर त्यांचा खांब आणि आपल्या छपरावर एक छोटी डिश, पाच गिगाहर्ट्झवर चालणारी. तो म्हणाला महिन्याला सहाशे, वर्षाचे एकदम भरले तर सहा हजार. आम्ही भरले. पहिले पाच महिने खरंच छान चाललं, वीसच्या वीस एमबीपीएस यायचे, मी सड्यावर जायची बंद झाले, घरात सगळ्यांना हायसं वाटलं. जून लागला आणि सगळं बिघडलं. पाऊस थांबला की यायचं, पाऊस आला की जायचं, मला वाटलं पावसामुळे सिग्नल जातो, पण नंतर नीट कळलं ते असं की एवढ्या अंतरावर पाच गिगाहर्ट्झला नुसत्या पावसाने फारसं काही होत नाही, आडवी येतात ती झाडं. डिश आणि खांब एकमेकांना सरळ दिसले पाहिजेत. डिसेंबरात साग निष्पर्ण होता तेव्हा दिसत होते, पावसाळ्यात सागाला पानं फुटली, वर ती ओली, ओल्या पानांतून सिग्नल जाईना. डिश आणखी दहा फूट वर चढवायला पाहिजे होती. फोन केला तर आज येतो उद्या येतो, मग फोन उचलणंच बंद. आणि संध्याकाळी सात नंतर पाऊस नसला तरी तीन एमबीपीएस, कारण एकाच खांबावर खूप घरं जोडली होती.

उरलेल्या सहा महिन्यांचे पैसे मागितले, मिळाले नाहीत. पावती होती ती साध्या कागदावर लिहिलेली, त्यावर ना जीएसटी नंबर ना कुठल्या लायसनवाल्या कंपनीचं नाव. मी दुसऱ्यांची बिलं तपासते आणि स्वतःच्या घरी ही पावती घेतली याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हा कोणीही घ्या, पावती कंपनीच्या नावाची मागा, तक्रार केली की तक्रारीचा नंबर मागा, कारण लायसन असलेल्या कंपनीकडे आधी तक्रार आणि तिथे काम झालं नाही तर अपील अशी दोन पायऱ्यांची सोय असते आणि तो नंबर नसेल तर दुसरी पायरी चढताच येत नाही. आणि कोकणात असाल तर एक पावसाळा काढल्याशिवाय वर्षाचे पैसे एकदम भरू नका, कितीही सूट देऊ देत. डोंगरातलं नेट डिसेंबरात बघून कळत नाही, जुलैत बघायचं.

वायरलेस वाईटच असतं असं मात्र नाही हं. ज्यांचं घर सड्यावर आहे, समोर काही आडवं नाही, त्यांच्याकडे तेच कनेक्शन चांगलं चालताना मी बघितलंय.

त्यानंतर ५जी वालं एअर फायबर बघितलं. जिओने ते १९ सप्टेंबर २०२३ ला, गणेश चतुर्थीला, आठ शहरांत सुरू केलं, एअरटेलने त्याच्या आधी ऑगस्टमध्ये दिल्ली मुंबईत, नंतर ते हळूहळू बाकीकडे पसरलं. सुरुवातीला जिओचा सगळ्यात खालचा प्लॅन ५९९ चा होता, ३० एमबीपीएस, टीव्हीचे चॅनल आणि ओटीटी धरून, वर १८ टक्के जीएसटी म्हणजे ७०७ च्या आसपास. केबल ओढायची नाही, छपरावर एक अँटेना लावली की झालं, म्हणून आम्हालाही आशा वाटली. चौकशी केल्यावर एक मुलगा आला, छपरावर चढला, फोनवर सिग्नल तपासला आणि खाली येऊन सरळ म्हणाला, "वहिनी, इथे ५जी येतच नाहीये, मी लावून देईन पण तुम्हाला चालणार नाही, पैसे फुकट जातील." मला त्या मुलाचं फार कौतुक वाटलं, त्याला कमिशन मिळालं असतं. एअर फायबर म्हणजे शेवटी मोबाईलचाच टॉवर, तो घराला दिसला पाहिजे. तुमच्या अंगणात फोनवर ५जी येत नसेल तर आधी छपरावर चढून बघा, तिथेही येत नसेल तर विषय सोडून द्या.

आता फायबर, म्हणजे काचेच्या धाग्याची केबल. खासगी कंपन्यांची केबल हायवेच्या कडेने गेलेली, आमच्यापासून नऊ किलोमीटरवर, आत यायला कोणी तयार नाही आणि त्यांच्याजागी आपण असतो तर आपणही आलो नसतो, वाडीत सोळा घरं, त्यातली सात बंद. मग ग्रामपंचायतीत गेले. हे मी सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. गावोगावच्या ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची सरकारी योजना २०११ पासून चालू आहे, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात, तर आपल्या ग्रामपंचायतीत ती केबल आलीय का, चालू आहे का, आणि तिथून पुढे घरोघर कोण देतो हे तिथले ऑपरेटर किंवा शिपाई बरोबर सांगतात. आमच्या ग्रामसेवकांनी एका मुलाचा नंबर दिला, तो बीएसएनएलच्या भारत फायबरची कनेक्शनं जोडून देतो, शेजारच्याच गावातला, पंचवीस सव्वीस वर्षांचा. बीएसएनएल बऱ्याच ठिकाणी असं लोकल पार्टनरमार्फत काम करतं, म्हणजे बिल बीएसएनएलचं, घरापर्यंतची केबल आणि दुरुस्ती त्या पार्टनरची.

तो म्हणाला एका घरासाठी मी खाली केबल आणू शकत नाही, चार घरं द्या. आम्ही दोन रविवार वाडीत फिरलो, एका काकांचा मुलगा पुण्यात असतो त्याने त्यांच्या नावाने घेतलं, एक शिक्षिका आहेत त्यांनी, एक आमच्या चुलत जावेने, आणि आम्ही. अशी चार झाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लाइन आली. एकट्याने कंपनीच्या मागे लागण्यापेक्षा हे खूप लवकर होतं, ज्यांना कोणी येत नाही म्हणतं त्यांनी हा मार्ग करून बघा.

प्लॅन आम्ही ४४९ चा घेतला, फायबर बेसिक निओ, ३० एमबीपीएस, महिन्याला ३३०० जीबी, ते संपलं की स्पीड उतरतो पण ते संपत नाही, दिवसाला ११० जीबी झाले, आमचं महिन्याचं दीडशे दोनशे होतं. जीएसटी धरून ५३० रुपये. वर एकदाच २८०० गेले, मोडेम आणि तीनशे मीटर केबल धरून. म्हणजे पहिल्या वर्षाला ९१६० आणि पुढे वर्षाला ६३६०. आणि घरात वायफाय आल्यावर दोन सिमं अगदी कमीतल्या रिचार्जवर आणली, त्यामुळे एकूण घरखर्च आधीपेक्षा कमीच झाला. या प्लॅनमध्ये ओटीटी नाही, ज्यांना टीव्हीसाठी पाहिजे त्यांनी ते धरून हिशोब करा. आम्हाला नको होतं.

स्पीड सांगायचा तर दोन्हीकडे जवळजवळ तेवढाच येतो, खाली (डाउनलोड) पण आणि वर (अपलोड) पण, आणि माझ्या कामात वर चढवायचा स्पीडच महत्त्वाचा, टॅलीचा बॅकअप पाठवायचा असतो, बिलांचे स्कॅन पाठवायचे असतात. वायरलेसवर खाली वीस आले तरी वर दोन तीन मिळायचे.

पण मला सगळ्यात जास्त जे मिळालं ते स्पीडपेक्षा वेगळंच. वायफाय कॉलिंग! फोनच्या सेटिंगमध्ये ते एकदा चालू केलं की मोबाईलची रेंज शून्य असली तरी घरच्या नेटवरून फोन येतो, जातो, आणि माझ्या सिमवर ओटीपीही येतो. फोनमध्ये ती सोय पाहिजे आणि सिमकंपनीने दिलेली पाहिजे, जिओ आणि एअरटेल दोघांनीही ती कोरोनाच्या आधीच सुरू केलीय. पहिल्या दिवशी माजघरात फोन वाजला तेव्हा सासूबाई दचकल्या, त्या माजघरात मोबाईल कधी वाजलाच नव्हता. सासरे झोपलेल्या जागेवरून मुंबईच्या नातवंडांशी बोलले. इतकी वर्षं आम्ही रेंज नाही रेंज नाही म्हणत टॉवरसाठी अर्ज करत होतो, तो प्रश्न या ५३० रुपयांत सुटेल हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी मुद्दाम ठळक सांगतेय. दरीत राहणाऱ्या प्रत्येकाने हे करून बघाच.

लाइट. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जाते ती कधी कधी दोन दिवस येत नाही, तेव्हा नेट घेताना मी त्या मुलाला पहिला प्रश्न हाच विचारला की मध्ये कुठे लाइटवर चालणारा डबा आहे का. काही केबलवाल्यांचे मध्ये मध्ये कोणाच्या तरी घरी स्विच बसवलेले असतात, त्या घराची लाइट गेली की पुढच्या सगळ्यांचं नेट बंद. या फायबरमध्ये एक्स्चेंजपासून आपल्या घरापर्यंत मध्ये जे स्प्लिटर असतात त्यांना वीज लागतच नाही, नुसता काचेतून प्रकाश वाटला जातो, त्यामुळे एक्स्चेंजमध्ये बॅटरी बॅकअप असला आणि आपला मोडेम चालू राहिला की नेट चालू. आम्ही बारा व्होल्टचा छोटा यूपीएस घेतला, तेराशेला, मोडेमची पिन थेट त्यात बसते, चार तास काढतो. मोठ्या इन्व्हर्टरची गरज नाही. घेताना मोडेमच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर बघून घ्या एवढंच.

२०२४ च्या जुलैत आंब्याची फांदी केबलवर पडली आणि तुटलं. मोडेमवर लाल दिवा लागला की समजायचं केबलमध्ये दोष आहे, मोडेम बंद चालू करत बसू नका. सकाळी त्या फायबरवाल्या मुलाला फोन केला, रस्त्यावर दोन झाडं आडवी होती म्हणून त्या दिवशी त्याला येता आलं नाही, दुसऱ्या दिवशी चालत आला, गुडघाभर चिखलातून, पाठीवर स्प्लायसिंगचं मशीन रेनकोटात गुंडाळून. दोन्ही टोकं जोडली, मीटर लावला आणि म्हणाला, "बावीस आली, मस्त." हा आकडा म्हणजे केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद, तो मायनसमध्ये असतो, मायनस वीस बावीस म्हणजे चांगलं, मायनस सत्तावीसच्या पलीकडे गेलं की लाइन टिकत नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर हा आकडा विचारा आणि भिंतीवर लिहून ठेवा, पुढच्या वेळी बिघडलं तर काय झालं ते आपल्यालाही कळतं. मी त्याला चहा आणि घावणे दिले, पैसे विचारले तर म्हणाला झाड पडलं त्याचे कसले पैसे घ्यायचे.

त्याच्यामुळेच मी या कनेक्शनला पाचपैकी साडेचार देते. तेच कनेक्शन दुसऱ्या गावात दुसऱ्या पार्टनरकडून घेतलं तर अनुभव वेगळा असू शकतो, म्हणून घ्यायच्या आधी त्या माणसाच्या दोन तीन जुन्या ग्राहकांना जाऊन भेटा आणि एवढंच विचारा की पावसात तुटलं होतं तेव्हा किती दिवसांनी आला. मी भेटले होते. एका आजोबांनी सांगितलं, "तो पोर येतो, उशीर झाला तरी येतो," मला तेवढं पुरलं.

घरातलं वायफाय. आमचं घर चिऱ्याचं, भिंती जाड, ओसरीवर मोडेम ठेवला तर मागच्या खोलीत काही येत नव्हतं. मोडेम माजघरात मध्यभागी उंचावर आणला, फोन २.४ गिगाहर्ट्झवाल्या नावाला जोडले कारण ते भिंतीतून जास्त जातं, पाचवालं फक्त त्याच खोलीत. आणि माझ्या टेबलापर्यंत पंधरा मीटरची लॅन केबल ओढली. लोक एक्स्टेंडरवर हजार दोन हजार घालवतात, त्याआधी साडेतीनशे रुपयांची केबल ओढून बघा. विजांच्या दिवसांत, मे अखेर आणि ऑक्टोबरात, ॲडॉप्टर आणि लॅन दोन्ही काढून ठेवायचे, काचेच्या धाग्यातून वीज येत नाही पण लाइटच्या वायरमधून येते, आणि केबलला जी ताणाची तार असते ती घरात न आणता छपराच्या कडेलाच बांधून घ्यायची.

दोन पावसाळे काढलेत आता. मोजून चार वेळा बंद पडलं, त्यात एकदा रस्ता रुंद करताना जेसीबीने तोडलं तेव्हा तीन दिवस. तेवढ्यासाठी एका सिमवर डेटा ठेवलाय, आणि २० तारखेचं काम मी १८ लाच उरकते, ही सवय मात्र सड्यावरच्या दिवसांपासूनची. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले तेव्हा वाडीतली पाच मुलं आमच्या ओसरीवर बसून फॉर्म भरून गेली, आधी त्यांना राजापूरला जाऊन कॅफेत रांग लावायला लागली असती, आणि ई-पीक पाहणीचं ॲप बागेत चालवून आलं की लोक माहिती अपलोड करायला इथेच येतात.

आमच्या खांबावरच्या स्प्लिटरला आठ तोंडं आहेत, त्यातली सहा भरलीत. वाडीतलं किंवा वरच्या वाडीतलं कोणी वाचत असेल, मुंबईहून येऊन राहायचा विचार असेल, तर गणपतीच्या आधी सांगा, कारण गणपतीत सगळेच विचारतात आणि त्या मुलाला तेव्हा जेवायलाही वेळ नसतो.